ढग असेल तरच

दर उन्हाळ्यात लातूरजवळच्या औशाकडून धाकट्या भावाचा फोन येतो आणि बोलणं बोअरवर येऊन थांबतं. यंदा त्यानं विचारलं, "दादा, तुमच्या दुबईत विमानं सोडून पाऊस पाडतात, मग आपल्याकडं का पाडत नाहीत?" पारावरही हीच चर्चा आहे म्हणे.

मी संयुक्त अरब अमिरातीत, दुबईशेजारच्या शारजात राहतो. १६ एप्रिल २०२४ला अल ऐन शहराजवळच्या खत्म अल शकला इथं चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. या देशात वर्षाकाठी सरासरी शंभरेक मिलिमीटर पडतो. आमच्या गल्लीतलं पाणी कितीतरी दिवस हटलं नाही. वीज गेली, पंप बंद पडले; खाली पाणीच पाणी आणि घरात नळाला थेंब नाही. शेजाऱ्यांना आम्ही दोरीनं पिण्याच्या पाण्याचे कॅन वर चढवले.

तेव्हाही लोक कृत्रिम पावसालाच बोल लावत होते. पण इथल्या हवामान केंद्रानं सांगितलं, की त्या वादळात ढगांत फवारणी केलीच नव्हती. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. त्यामुळं वादळ आलं की पाऊस जास्त जोरात कोसळतो.

विमान ढगात मिठाचे कण सोडतं. ढग तयार करत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापूरला प्रयोग केले, तेव्हा योग्य ढग निवडून काही ठिकाणी सुमारे १८ टक्के पाऊस वाढल्याचं दिसलं. ते काम मोलाचं आहे. पण ऑगस्टात आभाळ कोरडं असेल, तर १८ टक्के कशाचे काढायचे?

शिवाय दुबई पावसावर जगत नाही. आमच्या नळाला समुद्राचं पाणी येतं, मुख्यतः गॅस जाळून गोडं केलेलं. उरलेलं खारं पाणी परत आखातात जातं, आणि हे आखात सरासरी ३५ मीटरच खोल आहे. लातूरला समुद्र कुठला? २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

भावाला खरं दाखवायचं आहे ते अल ऐन. तिथं खजुराच्या बागांना फलज, म्हणजे जमिनीखालून आणलेले पाट, शेकडो वर्षं पाणी देत. मग पंप आले, उपसा वाढला, पाणी खाली गेलं. आता त्याच पाटांत विहिरींचं पाणी पंपानं सोडावं लागतं. आमच्या शिवारात बोअर सातशे फुटांवर गेलेत, तेव्हा मला हेच पाट आठवतात. मराठवाड्यात पाऊस इथल्या सहापट तरी पडतो, आणि त्यावर आपण ऊस लावतो.

हे बोललो तर भाऊ म्हणाला, "ऊस सोडतो. तुरीचा पैसा हमखास मिळेल का?" त्याचं चुकत नाही. पारावरच्या लोकांनी विमान मागण्यापेक्षा हे मागावं: तूर, हरभरा हमीभावानं शेवटच्या क्विंटलपर्यंत उचलला जावा, आणि खरेदी केंद्रं पीक व्यापाऱ्याकडं जाण्याआधी उघडावीत.