मंग माय कसाले शे?

माहेरच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर धुराळा उडालाय. गाव पारोळा तालुक्यातलं. कापूस वेचणीच्या दिवसांत तीन वर्षांखालची लेकरं गल्लीतल्याच दोन बायांनी आपापल्या घरी सांभाळावीत, गावाने त्यांना महिन्याला काही रक्कम द्यावी, शेतमालकांनी दूध-धान्य घालावं, एवढीच अंगणवाडीच्या ताईंची सूचना. त्यावर आमच्या भाऊबंदकीतले एक नाना लिहितात, "पोरं सांभाळाले पैसा? मंग माय कसाले शे?" खाली अंगठ्यांची रांग.

माय पहाटे भाकरी थापते आणि दिवसभर दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावाने कापूस वेचते, नाना. पोर तोवर बांधावरच्या निंबाच्या झोळीत, नाहीतर शाळा बुडवलेल्या बहिणीच्या कडेवर. याला तुम्ही घरचे संस्कार म्हणता.

"अंगणवाडी आहे ना," हा दुसरा मुद्दा. आहे, 1975 पासून योजना आहे. पण तिथे शिकायला बसतात तीन ते सहा वर्षांची पोरं. त्याखालच्यांच्या वाट्याला वजन, लस, घरी न्यायचं पाकीट आणि ताईंची गृहभेट. केंद्राने 2024 मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' आराखडा काढला, म्हणजे बाळाशी बोला, खेळा, गाणी म्हणा. उत्तमच. पण गृहभेटीला ताई आल्या तर दाराला कुलूप, त्याचं काय?

पैसे देणं हे माझं परदेशी खूळही नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातच होतं, की कामावरच्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीने ती सांभाळायची आणि तिला मजुरी मिळायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. नानांना हे सांगणार कोण?

माझी मुलगी वर्षाची झाल्यापासून इथे जर्मनीत टागेसमुटरकडे, म्हणजे आपल्या घरी लेकरं सांभाळणाऱ्या बाईकडे, जाते. श्टुटगार्टातलं तिसऱ्या मजल्यावरचं साधं घर, युगेंडआम्टचा, म्हणजे बालकल्याण कार्यालयाचा, परवाना, एका वेळी पाचाच्या वर मुलं नाहीत. बरेचसे पैसे सरकारी तिजोरीतून, थोडे आमचे. त्या बाईला कुणी विचारत नाही की मग आई कशाला. (सरकारी सोय न वापरणाऱ्या आईबापांना महिन्याला दीडशे युरो देण्यावरून इथेही रणकंदन झालं, आणि 2015 मध्ये इथल्या घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आणि जागेसाठी मी पोटुशी असतानाच नाव घातलं होतं. हे दोन्ही मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

नानांचं उत्तर आलं, "तू तठे बठीसन आम्हले नको शिकाडू. तुनी पोर तं परकी बाईकडे शे." हे मात्र लागलं. आईचा व्हिसा नव्वद दिवसांचा होता, त्यानंतर परकी बाई नाही तर कोण?

इथे कँटीनमध्ये मी ऐटीत सांगते, की आमच्याकडे पोर साऱ्या गल्लीचं असतं. ग्रुपवर त्याच गल्लीला नावं ठेवते. दोन्ही खरं आहे. माझी आई वेचणीला जायची तेव्हा मला शेजारच्या मोठ्या मायने वाढवलं. दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून तिनेच भरवली. तिला त्याचा एक रुपया कुणी दिला नाही, दिवाळीला लुगडं तेवढं. म्हातारपणी औषधाला मात्र लेकापुढे हात पसरायची. त्या दोन बायांपैकी एक तिचीच सून आहे.

म्हणून मी लिहिलं, तिची या हंगामाची रक्कम मी पाठवते. नानांनी लगेच विचारलं, "नाव कोठे कोरानं?" मी गप्प बसले. गावाच्या कमानीला मी पैसे दिले होते ते दगडावर नाव येणार म्हणूनच. घर भावाच्या नावावर आहे, वावरही. सातबाऱ्यावर नाही, मतदार यादीत नाही, माझं नाव गावात आहे ते त्या कमानीवर, खालून तिसरं, तेही सासरच्या आडनावासकट.