घंटागाडी आणि चकल्या

परवा कोल्हापूरला जाताना एसटीत मला चोर ठरवण्यात आलं.

कराड सोडल्यावर डोळा लागला. स्वप्नात मी एका हातात ओला, दुसऱ्यात सुका कचरा घेऊन जिना उतरतोय आणि घंटागाडी नेहमीसारखी निघालीय. "अहो, थांबा!" म्हणत धावलो, तो खराच धावलो, शेजारच्या काकूंची पिशवी उचलून थेट दारापर्यंत. मागच्या पोराची रिंगटोन म्हणजे आमच्या घंटागाडीचं गाणं!

"ओ! माझी पिशवी कुठं नेताय?"

"कचरा..." मी म्हणालो.

"कचरा? चकल्या हैत त्यात! लेकीला चालल्यात."

"नाही, म्हणजे ओला कचरा..."

"ओल्या? काल तळल्यात!" काकूंनी डबा उघडला, कंडक्टरच्या कानाशी एक चकली मोडली. "ऐकलं? आता सांगा, ओली हाय?" कंडक्टरनं डोळे मिटून ऐकलं आणि अर्धी तोंडात टाकली. "कडक हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुमाला उतरायचंय का?"

"उतरवाच," काकू म्हणाल्या.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना नुसता आवाज ऐकून लाळ सुटायची, पण त्यांना आवाजापाठोपाठ खाणं तरी मिळायचं. (त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, लाळ तिथूनच आली.) फ्रान्सच्या हर्वे द सँ-दनी या सरदारानं तर हा खेळ स्वप्नांवरच केला. डोंगराळ मुलखात मुक्कामाला असताना तो रोज एकच अत्तर रुमालावर लावायचा. मग बाटली बंद. काही महिन्यांनी नोकराला सांगितलं, मला न कळवता एखाद्या रात्री उशीवर थेंब टाक. टाकले, आणि स्वप्नात तेच डोंगर आले! १८६७ साली त्यानं यावर पुस्तक काढलं. त्याला अत्तर, डोंगर, नोकर. मला कचरा.

तोही धड नाही. गाडी कधी साडेसहाला, कधी नवाला. थांबते जेमतेम पाऊण मिनिट. तीन वर्षं गाणं ऐकू आलं की पायात चप्पल नसते आणि मी तिसऱ्या मजल्यावरून खाली असतो. तक्रार केली तर म्हणे, "गाणं मोठ्यानं लावू." लावलं.

जागेवर येऊन बसलो. काकूंनी पिशवी खिडकीच्या बाजूला सरकवली. बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "घरचा कचरा तुमीच टाकता?"

"हो."

"आमच्या ह्यांनी जन्मात टाकला न्हाई."

आवाजात जरा आदर होता. चकली मात्र कंडक्टरलाच दिली, दुसरी.