‘इथं काय दगडं कमी हायेत?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी फ्रान्समधल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्ती-शिबिरांबद्दल लिहिलं होतं, तिथे स्वयंसेवक म्हणून कसं जाता येतं त्याबद्दल. त्यावर ‘महालातला एक जुना नागपूरकर’ या नावाने एक सविस्तर प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातलं पहिलं वाक्य जसंच्या तसं देते: ‘कायले जाता तिकडं दगडं उचलाले? आपल्या इथं काय दगडं कमी हायेत?’

पुढे ते लिहितात की पदरचे पैसे भरून मजुरी करणं ही खात्यापित्या घरच्या मुलांची हौस आहे. अशा हौशी हातांनी जुन्या वास्तूचं वाटोळं होतं, वर गवंड्याची रोजी बुडते. आणि खरी तळमळ असेल तर गोंड राजांचे किल्ले आणि भोसल्यांच्या काळातले वाडे डोळ्यांसमोर ढासळत असताना परदेश कशाला. सत्तरी ओलांडल्याचं त्यांनीच लिहिलं आहे, म्हणून त्यांना काका म्हणते.

काका, वाटोळं होण्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण माझा जीव त्यातच अडकला आहे. तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते बघायला फ्रान्सपर्यंत जावं लागत नाही. विदर्भातल्या गावोगावी वर्गणी काढून हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासलेला असतो, सभामंडपात चकचकीत टाइल्स बसवलेल्या असतात, दगडांच्या फटींत सिमेंट कोंबलेलं असतं. कुणाच्याही मनात वाईट नसतं, भक्तीच असते. पण हेमाडपंती बांधणी मुळात चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून केलेली. त्या फटींत काही भरण्याचं कारणच नाही.

वीट आणि चुन्याच्या भिंतींचं तर याहून वाईट होतं. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडते. दरज सिमेंटने बंद केली की ती ओल विटेतून वाट काढते. सोबत आलेले क्षार विटेच्या तोंडाशीच साठतात, त्यांचे स्फटिक होतात, आणि वीट पापुद्रे सुटत सुटत आत जाते. सिमेंटची दरज तेवढी चौकटीसारखी पुढे उभी राहते. नागपूरच्या महालात, इतवारीत जुन्या भिंतींवर हे जाता-येता दिसेल. दरज झिजावी आणि वीट टिकावी असा जुन्या लोकांचा हिशेब होता, तो आपण उलटा केला. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि हा हिशेब मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. चुना आम्हाला एका धड्यापुरता होता. बाकी सगळं सिमेंट आणि आरसीसी.

तो मी शिकले फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या एका खेड्यात, पडक्या चर्चच्या आवारभिंतीवर. तिथली मुख्य गवंडी एक बाई होती, पन्नाशीतली, कमी बोलणारी. कुणीतरी पूर्वी भरलेलं सिमेंट आधी आम्हाला काढायचं होतं. छिन्नी दरजेच्या मधोमध धरायची, दगडाच्या कडेला टेकवायची नाही. दरज जेवढी रुंद, त्याच्या निदान दुप्पट खोल जायचं. मग ब्रशने धूळ काढायची, पाणी मारायचं, दगडाने ते पिऊन घेतलं की पुन्हा मारायचं; ओघळ दिसला की थांबायचं. चुना-वाळूचा माल मुठीत दाबला तर गोळा राहील एवढाच ओला. अरुंद पट्टीने तो थराथराने आत दाबायचा. आणि यानंतरचं सगळ्यात अवघड, ते म्हणजे हात मागे घेणं. लगेच थापीने गुळगुळीत करायचं नाही. अंगठा दाबून ठसा उठेनासा झाला की कडक ब्रशच्या टोकांनी ठोकायचं, म्हणजे वरची साय निघून वाळूचा कण उघडा पडतो आणि चुन्याला हवा लागते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, सावकाश, आणि तोवर त्याला ओलावा लागतो. म्हणून शेवटी ओलं गोणपाट टांगायचं.

माझ्या शेजारच्या मुलाने एक सुटलेला दगड काढून नीट सरळ बसवला. आधी तो थोडा तिरका होता. बाईंनी कामाआधीचा फोटो आणून दाखवला आणि दगड पुन्हा तिरका बसवायला लावला. तो मूळ गवंड्याने तसा बसवला होता की भिंत खचल्यावर तसा झाला, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना सुधारायचं नाही. जुन्या वास्तू कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत हेच आहे: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. कागदावर ते मी आधी वाचलं होतं, पण तो दगड परत तिरका होताना पाहिला तेव्हा ते हातात उतरलं.

हे इथेच का शिकले नाही? कारण इथल्या संरक्षित स्मारकावर मला कुणी छिन्नी धरू देणार नाही, आणि देऊही नये. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. स्मारकाची नासधूस केली तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भोवतीच्या 100 मीटरमध्ये बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगीशिवाय काही करता येत नाही. कायदा हवाच. पण नवख्याने जाणत्याच्या हाताखाली खऱ्या भिंतीवर शिकावं, अशी जागा मी आपल्याकडे शोधली तेव्हा मला मिळाली नाही. फ्रान्समध्ये ‘रांपार’ ही संस्थांची संघटना 1966 पासून नेमकं हेच करते. गावातली छोटी संस्था एखादा पडका गढीवजा वाडा, चर्च, पाणचक्की हातात घेते, परवानग्या काढते, जाणता कारागीर नेमते आणि उन्हाळ्यात स्वयंसेवकांना त्याच्या हाताखाली देते. असे हात जिथे पिढ्यानपिढ्या तयार होत राहतात, तिथे वेळ आली की माणसं सापडतात. 2019 साली पॅरिसचं नोत्र-दाम जळलं, आणि 2024 च्या डिसेंबरात उघडलं तेव्हा त्याच्या छताचा सांगाडा पुन्हा ओकच्या लाकडाचा होता, कुऱ्हाडीने तासलेला. तो तासणाऱ्या सुतारांपैकी काहींचा हात गेदलोंला तयार झाला होता. बरगंडीतल्या त्या जागी 1997 पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक नवा किल्ला बांधत आहेत.

आपल्याकडे हौशी हातांनी काय करता येतं, याचं उत्तर चंद्रपूरने दिलंय. 2017 च्या मार्चमध्ये बंडू धोतरे आणि त्यांच्या इको-प्रो संस्थेच्या मुलांनी गोंडकालीन परकोट, म्हणजे शहराभोवतीचा तट, साफ करायला घेतला. झुडपं, कचरा, वर्षानुवर्षांची माती, रोज पहाटे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्यांचा उल्लेख केला तो उगाच नाही. हे पुरातत्त्व खात्याला सोबत घेऊन झालेलं काम आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण साफसफाई वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. बुरुजावरचा पिंपळ ओढून काढला तर मुळांनी धरलेले दगडही सोबत येतात; तो वरून छाटायचा, मूळ जागच्या जागी मारायचं आणि पोकळी भरून काढायची, आणि ही भरणी गवंड्याने करायची. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीचा पूर इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये शिरला तेव्हा देशोदेशीची तरुण मुलं धावली, रांगा करून त्यांनी ग्रंथालयातली चिखलाने माखलेली पुस्तकं हातोहात बाहेर काढली. त्या मुलांशिवाय ती पुस्तकं बचावली नसती. पण पानं धुणं, सुकवणं, बांधणी उसवून पुन्हा शिवणं हे जाणत्यांचं काम होतं आणि ते पुढे कित्येक दशकं चाललं. हात किती पुढे न्यायचा ते ठरलेलं असलं, की हौशी माणूस फार मोलाचा असतो.

रोजीच्या प्रश्नावर मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. मी ज्या भिंतीवर काम केलं तिथे गवंडीबाईंना पगार होता, आणि आम्ही नसतो तर त्या भिंतीसाठी कुणी ठेकेदार लावणार नव्हतं, ती पडली असती. पण सगळीकडे असं नाही. परदेशी मुलांकडून भरपूर पैसे घेऊन गरीब देशात ‘वारसा वाचवा’ म्हणून नेणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत कारागिराचं नावसुद्धा नसतं. 2015 च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतरचं नेपाळमधलं काठमांडू खोरं बघा. तिथल्या पाटण शहराच्या दरबार चौकात कोसळलेल्या देवळांचे कोरीव खांब आणि तुळया तिथल्याच लोकांनी ढिगाऱ्यातून वेचून सांभाळल्या, आणि तिथल्याच नेवार समाजातल्या सुतारांनी, शिल्पकारांनी जुने तुकडे शक्य तिथे परत वापरून देवळं उभी केली. जिथे पिढीजात कारागीर असा जिवंत आहे, तिथे आठवडाभरासाठी आलेल्या मुलाने त्याची पटाशी हातात घेणं मला अजिबात मान्य नाही. म्हणून मला मेल करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पैसे भरण्याआधी विचारा: शिकवणारा कारागीर कोण, त्याला पगार किती महिने मिळतो, परवानगी कुणाची आहे, आणि स्वयंसेवक गेल्यावर ती वास्तू कोण बघणार? यातल्या एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं, तर जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर रांपारच्या शिबिराचे पैसे राहण्या-जेवण्यापुरते असतात आणि राहणं बहुधा तंबूत. जड जातं ते विमानाचं तिकीट आणि व्हिसा. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी 2024 च्या जूनपासून 90 युरो आहे, शिवाय निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, संस्थेचं पत्र त्याला जोडायचं. हे सगळ्यांना परवडणारं नाही, आणि सगळ्यांनी जावं असं मी कधी म्हटलेलंही नाही. दहांतल्या एकाने जावं, नीट शिकून यावं आणि उरलेल्या नऊ जणांना इथे शिकवावं, एवढीच माझी धडपड आहे.

ती धडपड आता महालातच सुरू आहे. कुठल्याही संरक्षित यादीत नसलेल्या एका खासगी वाड्याच्या मालकांनी मागची भिंत आमच्यावर सोपवली. कळीचा चुना कटनीचा, तो आम्ही स्वतः टाकीत विरवून ठेवतो. सुर्खी, म्हणजे विटांची पूड, वाड्याच्याच पडलेल्या विटांची. काम एका म्हाताऱ्या गवंड्याच्या हुकमाखाली चालतं. त्यांच्या वडिलांनी चुन्याच्या घाण्यात माल मळला होता, बेलफळ आणि गूळ कधी आणि किती घालायचा हे त्यांना तोंडपाठ आहे. कित्येक वर्षांत कुणी चुन्याचं काम सांगितलं नाही म्हणून ते टाइल्स लावत होते. तिकडे शिकलेलं इथे जसंच्या तसं चालत नाही हेही त्यांनीच दाखवलं. बरगंडीत ओल्या चुन्याला भीती गोठण्याची, नागपुरात भीती उन्हाच्या झळांची. एप्रिलच्या दुपारी भरलेली दरज संध्याकाळपर्यंत कोरडी पडते आणि नखाने खरवडली तर भुगा होतो. म्हणून आम्ही पावसाळा संपल्यावर सुरू करतो, होळीच्या आत आवरतो, आणि गोणपाट दिवसातून तीनदा भिजवतो.

दिवाळीनंतर त्याच वाड्याची रस्त्याकडची भिंत घ्यायची आहे आणि एका गवंड्याच्याने ती होणार नाही. काका, तुमच्या ओळखीत चुन्यात हात घातलेला कुणी असेल, वय कितीही असो, तर कळवा. रोजी चालू भावापेक्षा कमी देणार नाही, ओझं उचलायला आणि शिकायला मुलं हाताखाली असतील. तुम्हीही एखाद्या सकाळी या. जुन्या वाड्यांच्या भिंती कशा होत्या हे तुम्ही पाहिलंय, आमच्यातल्या कुणीच ते पाहिलेलं नाही.