अळीला सवय पडत नाही, नाना

संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी आमच्या गावच्या ग्रुपवर नानांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकलं. मथळा होता 'डार्विनवाल्यांना निरुत्तर करणारे प्रश्न', आणि खाली 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'. लोकांनी पोचवलंच. संध्याकाळी तेच चोपड्याच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आलं, रात्री धुळ्याहून मेव्हण्याने पाठवलं, आणि सकाळी कॉलेजच्या जुन्या बॅचवरही तेच. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: माकडापासून माणूस झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? होताना कोणी पाहिलं? एवढं सगळं योगायोगाने कसं घडेल? मधले सांगाडे कुठे आहेत? बलवानच जगतो तर दुबळे का उरले? ही तर नुसती थिअरी आहे. आणि डार्विनने स्वतःच मरताना माफी मागितली होती.

मी कृषी केंद्र चालवतो, प्राध्यापक नाही. पण यातल्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्या काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आलं होतं, आणि ते आणणारे नानाच होते. म्हणून क्रम माझा लावतो.

'उत्क्रांती होताना कोणी पाहिली?' नाना, तुम्ही पाहिलीत. आठवा २०१७ चा हंगाम. तुम्ही पिशवीभर हिरवी बोंडं आणून काउंटरवर ओतली होती. वरून बोंड एकदम निरोगी, भोकसुद्धा दिसेना. फोडलं तर एका कप्प्यात रुई पिवळी पडून कवडी झालेली, आणि सरकीत गुलाबी अळी आरामात बसलेली. त्याआधी दीड महिना तुम्ही डोमकळ्या दाखवल्या होत्या. पाकळ्या उमलायच्याच नाहीत, एकमेकींना चिकटलेल्या, आणि उघडून पाहिलं की आत बारीक अळी. तुम्ही वैतागून म्हणालात, ''आते अळीले औषधनी सवय पडी गयी.''

या वाक्यातच सगळी गोम आहे. अळीला सवय पडत नाही.

बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला. त्यात एक बाहेरचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होतं. ते अळीच्या आतड्यातल्या पेशींना जाऊन चिकटतं, आतडं फुटतं, अळी मरते. पहिली काही वर्षं बोंडअळीची फवारणी जवळपास विसरलोच होतो आपण. पण लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी असतेच, जिच्या पेशींवरची ती चिकटायची जागा जन्मतःच जरा वेगळ्या घडणीची. बीटी आल्यामुळे ती वेगळी झाली नाही. ती तशीच जन्मली होती. बीटी नसलेल्या शेतात त्या वेगळेपणाला काडीची किंमत नव्हती. सगळीकडे बीटी झाल्यावर बाकीच्या मेल्या, ही उरली. तिचा पतंग झाला, मादीने शंभराच्या वर अंडी घातली. महिना-सव्वा महिन्यात एक पिढी, म्हणजे एका हंगामात चार-पाच पिढ्या. प्रत्येक पिढीत या वेगळ्या अळ्यांचं प्रमाण वाढत गेलं.

२०१० मध्ये बियाणं विकसित करणाऱ्या कंपनीनेच कबूल केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही. तोवर दोन जनुकांचं बीटी बाजारात आलेलं होतंच, २००६ पासून. पुढे काही वर्षांत तेही गेलं, आणि २०१७ ला तुमची पिशवी माझ्या काउंटरवर आली. या सगळ्यात एकही अळी बदलली नाही. अळ्यांमधलं प्रमाण बदललं. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात, आणि तिची फवारणीची बिलं तुमच्याकडे असतील.

आता माझी एक चूक सांगतो. बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साध्या, बिगर-बीटी कापसाचं छोटं पाकीट यायचं. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावायच्या असा नियम. लोक मोठं पाकीट घ्यायचे आणि छोटं माझ्या ओट्यापाशी टाकून जायचे. जूनच्या पहिल्या पावसात त्या पाकिटांचा लगदा झालेला असायचा. मीही म्हणायचो, जाऊ दे, अळीला कशाला पोसायचं? खरं तर पोसायचंच होतं. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर त्या मोजक्या चिवट पतंगांशी व्हावा, आणि होणारी पिल्लं बीटीवर मरावीत, हा हिशोब होता. चिवटपणा आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचत होती, एकाकडून येऊन भागत नव्हतं. म्हणजे उत्क्रांती खरी आहे असं धरून शास्त्रज्ञांनी तिला आवर घालायची सोय केली होती, आणि आपण ती ओट्यावर फेकली. अलीकडे ते बियाणं मोठ्या पाकिटातच मिसळून येतं, कारण वेगळं दिलं की आपण लावत नाही हे आता सगळ्यांना कळलंय.

'होताना कोणी पाहिलं?' याच मुद्द्यावर २०१८ च्या जानेवारीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला बोलले होते. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे म्हटलेलं नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा, असं त्यांचं म्हणणं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं. मला गंमत वाटली ती वेगळीच. हे गृहस्थ त्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नाही म्हणून गुन्हा घडलाच नाही, असं त्यांच्या एखाद्या फौजदाराने म्हटलं असतं तर?

आता माकडं. 'माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून का आहेत?' या प्रश्नातही तीच 'सवय पडण्याची' समजूत दडलेली आहे. एक माकड हळूहळू ताठ होत गेलं, शेपूट गळाली, आणि त्याचा माणूस झाला, अशी. तसं कोणीच म्हटलेलं नाही, डार्विननेही नाही. आजचं माकड आणि आजचा माणूस यांचे पूर्वज एक होते, एवढंच म्हणणं आहे. चिंपांझी आणि आपण साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झालो. मनुदेवीच्या वाटेवर आपल्या हातातला प्रसाद ओढणाऱ्या वानराशी असलेलं आपलं भाऊबंदकीचं नातं त्याहून कितीतरी जुनं, अडीच-तीन कोटी वर्षांचं.

इथे अहिराणीकडे बघा. आपण 'शे' म्हणतो, सुरतेकडे 'छे' म्हणतात, पुण्यात 'आहे'. अहिराणी गुजरातीपासून झाली नाही आणि गुजराती अहिराणीपासून झाली नाही. मागे कुठेतरी दोघींची एक जुनी बोली होती, ती आज कुठेच बोलली जात नाही. मग 'अहिराणी झाली तर गुजराती अजून का आहे' असं कोणी विचारतं का? आणि अमळनेरहून नंदुरबार, नवापूर करत सुरतेला निघा. गावागणिक बोली जराजराशी बदलते, प्रत्येक गावाला शेजारच्या गावाचं कळतं, आणि तरी टोकाला पोचलात की भाषाच दुसरी झालेली असते. नेमकी कोणत्या गावात बदलली ते दाखवता येणार नाही. 'पहिला माणूस कोणत्या माकडीणीच्या पोटी जन्मला' या प्रश्नाला उत्तर नाही ते याच कारणाने. तसा एक दिवस नव्हताच.

आणि वानराला माणूस व्हायची गरजही नाही. नुसता झाडपाला खाऊन पचवायला त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं आहे, आपल्याला ते जमणार नाही. आपापल्या जागी तो पुरा आहे. उत्क्रांती म्हणजे शाळेचे वर्ग नव्हेत, की वानर अजून चौथीत आणि आपण दहावीला.

नातं खरं कशावरून? एकच पुरावा सांगतो, मला सगळ्यात पटलेला. आमच्या सातबाऱ्यावर एका जुन्या फेरफारात आजोबांच्या नावातला अनुस्वार गाळला गेला. पुढे वाटण्या झाल्या, तीन भावांचे तीन उतारे झाले, तिन्हींवर तोच अनुस्वार नाही. तीन वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे तीच चूक केली असं कोणी म्हणणार नाही. मूळ कागद एक, नकला तीन. आता हे बघा: गाय, बकरी, कुत्रं आपलं क जीवनसत्त्व शरीरातच बनवतात. आपल्याला ते लिंबातून, आवळ्यातून घ्यावं लागतं, कारण ते बनवणारं जनुक आपल्यात आहे पण मोडकं आहे. चिंपांझीतही तेच जनुक मोडकं आहे, आणि मोडतोडीच्या खुणाही जुळतात. गिनी पिगचं तेच जनुक बिघडलंय, पण त्याची मोडतोड वेगळी आहे, कारण तो फेरफार दुसऱ्या खात्यावरचा.

'एवढा गुंतागुंतीचा डोळा योगायोगाने बनेल का?' नाही बनणार. योगायोग फक्त फरक पडण्यापुरता, टिकणं योगायोगाने होत नाही. खळ्यावर धान्य उफणताना वारा दाणा निवडत नाही, त्याला डोळे नाहीत, तरी दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब जातो. अर्धा डोळा काय कामाचा म्हणाल, तर असे अर्धे-पाव डोळे आजही वापरात आहेत. गांडुळाला कातडीत उजेड कळतो, चपट्या कृमींना खोलगट वाटीसारखे डोळे आहेत, समुद्रातल्या नॉटिलसचा डोळा भिंगाशिवाय नुसत्या भोकावर चालतो. ज्याचं त्याचं भागतं.

'मधले सांगाडे कुठे आहेत?' आपल्या काळ्या खडकात शोधू नका. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, त्यात काय उरणार? पण २००४ मध्ये कॅनडाच्या अगदी उत्तरेला टिकटालिक सापडला. खवले आणि पर माशाचे, पण मान वळणारी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं, वय ३७.५ कोटी वर्षं. तो अवचित सापडला नव्हता. असा प्राणी कोणत्या वयाच्या खडकात असायला हवा ते आधी ठरवून शोधणारे तिथे गेले होते. देवमाशाचा जमिनीवरचा नातेवाईक इंडोहायस तर आपल्याच देशातला, जम्मूतल्या कालाकोटचा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवलेल्या दगडांतून तो निघाला आणि २००७ मध्ये देवमाशाशी त्याचं नातं ओळखलं गेलं, कानाच्या हाडावरून. आणि आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तरेने वाहणाऱ्या नर्मदेकाठी, वर मध्य प्रदेशात हथनोरा इथे, १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाची कवटी मिळाली. आजच्या माणसाशी ती पुरती जुळत नाही.

'बलवानच जगतो' हे पुन्हा डार्विनच्या नावावर खपवलेलं. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ चे. डार्विनने ते नंतर घेतले, आणि त्यातला 'फिट' म्हणजे तालमीतला पैलवान नव्हे. नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या चालतात. आई-वडील दोघांकडून ते जनुक आलं तर आजार जीवघेणा. पण एकाकडूनच आलं तर मलेरियाच्या तडाख्यातून बचाव होतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. म्हणून जिथे डास, तिथे ते जनुक टिकलं. यात बलवान कोण आणि दुबळा कोण? तिथल्या आईबापांपुढे हे 'बलवानच जगतो' वाचून दाखवायची माझी तरी हिंमत नाही.

थिअरीचं एका ओळीत: जंतूंमुळे रोग होतात हीही थिअरीच, आणि डॉक्टर हात धुतो. माफीचं दोन ओळींत: डार्विन १८८२ मध्ये वारला, माफीची गोष्ट लेडी होप नावाच्या बाईच्या हवाल्याने १९१५ मध्ये छापून आली. डार्विनची मुलगी हेन्रिएटा शेवटी त्याच्याजवळ होती, तिने १९२२ मध्ये जाहीर सांगितलं की ही बाई तिथे नव्हतीच. आणि समजा मागितली असती माफी, तरी बोंडातली अळी काय मेली असती? गंमत म्हणजे याच ग्रुपवर दिवाळीत 'डार्विनने दशावतारातून उत्क्रांती चोरली' असंही आलं होतं. चोरीही केली आणि मालही खोटा, दोन्ही एकदम कसं?

हे सगळं लिहिल्यावर नानांचा आवाजी मेसेज आला. ''ते ठीक आहे रे, पण अळी अळीच राहिली ना? तिचा पोपट तर नाही झाला!''

नाही झाला, नाना. पंधरा वर्षांत 'शे' चं 'छे' पण होत नाही. पण पंधरा वर्षांत जे झालं तेवढ्याने तुमचं अर्धं बोंड गेलं. आणि तुमची कापसाची पऱ्हाटी अजून उभी आहे, काल रस्त्यावरून पाहिली. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर येणाऱ्या उशिराच्या कापसाच्या, चार क्विंटलांसाठी तुम्ही आज ज्या अळ्या पोसताय त्या सगळ्या बीटी पचवून उरलेल्यांच्या पोरी आहेत. ट्रॅक्टरवाला सोमवारी मोकळा आहे, रोटाव्हेटर लावून पाठवतो.