मॉल येतोय म्हणे! विरोध कसा करावा, याचे फुकट सल्ले

तर मंडळी, आमच्या गावात जुन्या टॉकीजच्या जागेवर तीन मजली शॉपिंग सेंटर येतंय. अजून नुसते पत्रे ठोकून बोर्ड लावलाय, पण गावात दोन पार्ट्या पडल्यात आणि समोरच्या टपरीवाल्याचा चहा दुप्पट खपायला लागलाय, म्हणजे एका स्थानिक धंद्याला तरी मॉलचा फायदा झाला म्हणायचा. तुमच्याकडेही आज ना उद्या हे होणारच, तेव्हा ऐकून ठेवा.

तुम्ही दुकानदार असाल तर पहिलं काम बंद पुकारायचं. पण तारीख बघून हां! 2012 ला सरकारने मल्टीब्रँड रिटेलमध्ये, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या दुकानांत, 51 टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली तेव्हा 20 सप्टेंबरला भारत बंद होता, आणि आपल्याकडे आदल्याच दिवशी गणपती बसलेले. शिवसेनेनेसुद्धा त्या बंदातून अंग काढून घेतलं. ऐन सीझनला शटर कोण ओढणार हो? म्हणून आमच्या पेठेने शहाणपणा केला, बंद सोमवारी ठेवला. सोमवारी पेठ तशीही बंदच असते. शंभर टक्के प्रतिसाद, एकसुद्धा दुकान उघडं नाही!

मग मीटिंग घ्या आणि तावातावाने बोला. आमच्याकडे सगळ्यात जोरात बोलले ते किराणावाले अण्णा, मोठ्या दुकानांनी आमच्या पोटावर पाय दिला म्हणाले, आणि खरंच आहे ते. पण याच अण्णांना मी गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या मार्टमध्ये बघितलं, एका बिलावर तेलाच्या चारच पिशव्या देतात म्हणून वहिनी एका लाइनीत, पुतण्या दुसऱ्या लाइनीत आणि अण्णा स्वतः तिसऱ्या, तिघंही एकमेकांना ओळख न देता छताकडे बघत उभे. एजन्सीवाला ज्या रेटने माल टाकतो त्यापेक्षा तिथलं एमआरपी कापून मिळणारं तेल स्वस्त पडतं, मग अण्णांनी तरी काय करायचं? मला बघून ओशाळले नाहीत, म्हणाले, "अभ्यासाला आलोय." तेव्हा तुम्हीही अभ्यास करा.

मोर्चात पुढे चाला, पण चालता चालता तळमजल्यावरच्या गाळ्याचा भाव काय निघालाय त्याची चौकशी करून ठेवा. बुकिंग मिसेसच्या नावावर करायचं. तत्त्व तुमचं, गाळा त्यांचा.

आता तुम्ही मॉलच्या बाजूचे असाल तर काम फारच सोपं. "रोजगार येणार" एवढंच म्हणत राहायचं, किती आणि किती पगाराचा हे कोणी विचारलं तर विकासाला विरोध करतो म्हणून त्याच्याकडे करुणेने बघायचं. 1999 ला मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडलं तेव्हा गर्दी आवरायला मोबाईल नाहीतर क्रेडिट कार्ड असलेल्यांनाच आत सोडत होते, पुढे त्याचं नाव बदललं आणि शेवटी ते बंदही पडलं. हा विषय मात्र काढायचा नाही. उगाच अपशकुन.

आणि विरोध करून होणार काय, असं मनात येत असेल तर पुण्याची मंडई आठवा. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भाजीबाजार भरायचा, त्याच्याऐवजी पक्की इमारत बांधायचं नगरपालिकेत निघालं, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी स्पष्ट विरोध केला, इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. इमारत झालीच, 1886 ला, गव्हर्नर रे साहेबांच्या नावाने. आणि आज तिचं नाव काय? महात्मा फुले मंडई! तेव्हा धीर सोडू नका. मॉल होणारच आहे, पण न जाणो, पन्नास वर्षांनी फूडकोर्टला तुमचं नाव लागेल.

राहिलो आपण गिऱ्हाईक. आपण कायम लहान दुकानदाराच्या बाजूने बोलायचं. आपुलकी, ओळख, पोराच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा, सगळं आठवून गहिवरायचं आणि महिन्याचा किराणा एक तारखेला पगार झाला की गाडी काढून मोठ्या मार्टला जाऊन रोख भरायचा. वीस तारखेनंतर काही संपलं तर अण्णा आहेतच की, त्यांची ती लाल कापडी वही आहे, मॉलमध्ये कुठली आलीय वही? काल रात्री साडेनऊला मीच गेलो होतो, अर्ध शटर ओढलेलं, खालून वाकून दोन किलो साखर आणि चहापत्ती घेतली. अण्णांनी वही उघडली, बोट खालपर्यंत नेलं आणि म्हणाले, "मागचे अठराशे चाळीस आहेत तुमचे."

म्हटलं, अण्णा, आधी त्या मॉलचं बघू, मग हिशोब करू. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.