केंद्रातून घरी आल्यानंतरची मीटिंग

दारूच्या व्यसनातून माणसाला बाहेर काढायचे म्हटले की आपल्याकडे सगळा भर त्याला ‘ॲडमिट’ करण्यावर असतो. पैशांची जुळवाजुळव करायची, मामा-काकांना बोलावून त्याला कसेबसे राजी करायचे, महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचे आणि तो घरी आला की देवापुढे नारळ फोडून विषय मिटला असे समजायचे. माझे मत असे आहे की कस लागतो तो त्यानंतर. पगाराच्या दिवशी, लग्नाच्या वरातीत, सुट्टीच्या रिकाम्या संध्याकाळी हाताशी स्वतः त्यातून गेलेली माणसे नसतील, तर केंद्रात घेतलेली मेहनत पाण्यात जाण्याची भीती फार असते. माझा थोरला भाऊ आज दारूपासून दूर आहे आणि नेमाने मीटिंगला जातो. त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

अडचण अशी की ही मीटिंग सहजासहजी सापडत नाही. ती भरवणारी अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना आपली जाहिरात करत नाही आणि सभासदांची नावे उघड करत नाही. बाहेरच्यांकडून देणगीही घेत नाही, खर्च सभासदांनी पिशवीत टाकलेल्या पैशांतून भागतो. त्यामुळे चौकात फलक दिसत नाही. एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी तासा-दीड तासापुरती माणसे जमतात आणि खुर्च्या जागच्या जागी ठेवून निघून जातात. ही गुप्तता आवश्यकच आहे, कारण नोकरीच्या आणि सोयरिकीच्या धाकाने कित्येक जण एरवी पायरीसुद्धा चढणार नाहीत. पण म्हणूनच पत्ता सांगण्याची जबाबदारी डॉक्टर, समुपदेशक आणि केंद्रे यांच्यावर येते. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावे असतात, तशी घराजवळच्या मीटिंगची जागा, वार आणि वेळही असायला हवी. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन आहे, एएच्या संकेतस्थळावरही मीटिंगची माहिती मिळते. तरीही ‘चल, मी दारापर्यंत येतो’ असे म्हणणारा माणूस लागतोच.

या चळवळीची सुरुवातही अशाच शोधातून झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामाने ओहायोतील अ‍ॅक्रन गावी आला होता. काम फसले आणि हॉटेलच्या बारकडे पाय ओढू लागले. तेव्हा त्याने फोनवरून चर्चमधल्या लोकांकडे चौकशी सुरू केली, कारण त्या क्षणी त्याला आपल्यासारखाच दुसरा दारुडा भेटायला हवा होता. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. उपदेश करणारे त्यांना आयुष्यभर भेटले होते, स्वतःची हकीकत सांगणारा पहिल्यांदा भेटला.

आजही मीटिंगमध्ये तेच चालते. मी भावासोबत ओपन मीटिंगला, म्हणजे सभासद नसलेल्यांनाही येता येते अशा मीटिंगला, गेले, तेव्हा शाळेच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसे गुडघे दुमडून बसली होती. एक गृहस्थ उठले, नुसते पहिले नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणाले आणि मुलीच्या फीचे पैसे गुत्त्यावर कसे गेले ते सांगू लागले. मध्ये कोणी बोलले नाही, संपल्यावर सल्ला दिला नाही, लगेच पुढचा माणूस उभा राहिला. घरात वर्षानुवर्षे प्रत्येक कबुलीवर भांडण झालेल्या माणसाला असे ऐकले जाणे किती मोठे असेल, हे मला तिथे कळले.

यावर अभ्यासही झाला आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या समीक्षेत २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली, आणि सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर रुजलेल्या उपचारांपेक्षा अनेकदा सरस ठरले. मात्र मीटिंग म्हणजे औषध नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, हे कृपा करून लक्षात ठेवावे.

घरच्यांनीही स्वतःसाठी जागा शोधावी असे मला कळकळीने वाटते. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. स्वतः पिणाऱ्या स्त्रियांचे हाल याहून वाईट आहेत. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाऊन बोलणे किती जणींना जमेल? त्यांच्यासाठी ऑनलाइन आणि स्त्रियांच्या स्वतंत्र मीटिंग अधिक हव्यात.

पहिला गट पटला नाही तर दुसरा पाहावा, प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे, त्यामुळे पाय घसरलेल्यालाही परत येता येते. आमच्या भागातल्या मीटिंगची जागा आणि वार मला माहीत आहेत. ज्यांना हवे असेल त्यांनी इनबॉक्समध्ये विचारावे. घरच्या कोणाला ओपन मीटिंगला एकटीने जायचा संकोच वाटत असेल, तर मी बरोबर येईन.