‘घोरतोय ना, मग झोपू द्या’: ओव्हरडोसबद्दलच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

एक संदेश सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘अफू, हेरॉइन, फेंटॅनिल यांचा ओव्हरडोस झालेल्या माणसाला हात लावू नका, विष कातडीतून भिनतं. घोरत असेल तर झोपू द्या, आपोआप उतरेल. नाहीच उठला तर अंगावर गार पाणी ओता, मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध फक्त डॉक्टरांनीच द्यायचं, चुकून दिलं तर माणूस दगावतो. आणि ते सर्रास वाटलं तर नशेबाजांना रान मोकळंच.’ खाली ‘जनहितार्थ’ असा शेरा आहे, त्यामुळे लोक न वाचताच पुढे पाठवतात.

मी भूलतज्ज्ञ आहे. फेंटॅनिल आणि मॉर्फिन ही आमची रोजच्या वापरातली औषधं. ती माणसाला कशी मारतात हे नीट समजलं तर या संदेशातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य आपोआप गळून पडतं, म्हणून आधी तेवढं सांगतो.

ही औषधं मेंदूतल्या ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या औषध बसण्याच्या जागांवर, बसून वेदना शमवतात, तेच ग्राही मेंदूच्या तळाशी श्वासाचा ठेका सांभाळणाऱ्या पेशींवरही असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की एरवी या पेशी लगेच श्वास घ्यायला लावतात. औषधाची मात्रा जास्त झाली की त्या बधिर होतात. ऑपरेशननंतर रिकव्हरीत हे अगदी डोळ्यांसमोर दिसतं. रुग्ण जागा असतो, नाव विचारलं तर सांगतो, पण श्वास मिनिटाला जेमतेम सहा. सिस्टर म्हणतात, ‘काका, मोठा श्वास घ्या’, की काका घेतात. सिस्टर गप्प झाल्या की काका श्वास घ्यायचं थांबतात. दुखत नसतं, गुदमरल्यासारखंही वाटत नसतं. तिथे प्राणवायू लावलेला असतो, बोटाला ऑक्सिमीटर असतो आणि आठवण करून द्यायला माणूस उभं असतं. बंद दाराआड यातलं काहीच नसतं. अफूच्या जातीच्या या सगळ्या औषधांना ओपिऑइड म्हणतात. ओपिऑइडचा ओव्हरडोस म्हणजे मुळात श्वास बंद पडणं. श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. आता संदेशाकडे वळू.

‘हात लावू नका, विष कातडीतून भिनतं.’

फेंटॅनिल कातडीतून शरीरात नेता येतं हे खरं आहे, त्याच्या चिकटपट्ट्या मिळतात. पण ती पट्टी त्यासाठी खास बनवलेली असते, तासन् तास अंगाला चिकटून राहते आणि तरीही रक्तात पुरेशी पातळी यायला बरेच तास जातात. हाताला लागलेली कोरडी पूड असं काही करत नाही. अमेरिकेतल्या विषवैद्यकाच्या दोन प्रमुख संघटनांनी २०१७ साली संयुक्त निवेदनात हा हिशेबच मांडला. फेंटॅनिलच्या कारखान्यात हवेत जास्तीत जास्त जेवढी पूड आढळली, तेवढ्या हवेत मास्कशिवाय २०० मिनिटं उभं राहिलं तर कुठे औषधाच्या एका मात्रेएवढं फेंटॅनिल अंगात जाईल.

मग ‘नुसत्या स्पर्शाने पोलीस कोसळला’ असे व्हिडिओ कसे दिसतात? त्यातल्या माणसांची लक्षणं बघा. छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, हातापायाला मुंग्या येतात. ओपिऑइडने नेमकं उलट होतं: श्वास मंदावतो, शुद्ध जाते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. व्हिडिओत दिसते ती भीती. ती खरीच असते, पण ते विष नव्हे. हातमोजे असतील तर जरूर घाला. नंतर हात साबण-पाण्याने धुवा, अल्कोहोलवालं सॅनिटायझर मात्र नको. पण मोजे शोधत बसून वेळ घालवू नका.

‘घोरत असेल तर झोपू द्या.’

संदेशातली सर्वांत घातक ओळ हीच, कारण ती समजूतदार वाटते. ओव्हरडोसमध्ये जबडा आणि जीभ सैल पडून मागे सरकतात, श्वासाची वाट अर्धवट बुजते आणि जड, ओलसर, अडखळती घरघर ऐकू येते. बाहेरच्या खोलीतल्या माणसांना वाटतं, बरं झालं, एकदाचा शांत झोपला. रात्री घोरत होता आणि सकाळी उठलाच नाही, अशा हकिकतींमधलं ते घोरणं पुष्कळदा हेच असतं. मेथाडोनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या ओपिऑइड गोळ्यांचा श्वासावरचा परिणाम तर काही तासांनी शिगेला पोचतो. झोपताना ठीक दिसलेला माणूस पहाटे बेशुद्ध असू शकतो.

ओळखायचं कसं? मोठ्याने नावाने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर मूठ वळून बोटांच्या गाठींनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. झोपलेला माणूस यावर चिडून उठतो. तरीही हालचाल नसेल तर छातीकडे बघत श्वास मोजा. दोन श्वासांत पाच सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल तर ती झोप नव्हे. ओठ, नखं निळसर पडलीत का पाहा. वर्ण सावळा असेल तर ओठांची आतली बाजू बघा, ती राखाडी दिसते.

‘गार पाणी ओता, मिठाचं पाणी पाजा.’

यावर फार शब्द खर्च करण्यासारखं काही नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं काहीही फुप्फुसात जातं, उलटी काढली तर तीही तिथेच जाते. शिरेतून किंवा नाकातून घेतलेलं औषध मुळात पोटात नसतंच. गार पाण्याने अंग थंड पडतं, श्वास परत येत नाही. दूध, लिंबू, थोबाडीत मारणं, उभं करून चालवणं हीसुद्धा याच पठडीतली. यातली प्रत्येक गोष्ट करताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं आणि तेवढ्यात ती चार मिनिटं निघून जातात.

‘नॅलोक्सोन फक्त डॉक्टरांनीच द्यायचं, चुकून दिलं तर माणूस दगावतो.’

नॅलोक्सोनचं पेटंट १९६१ चं, अमेरिकेत वापराला मान्यता १९७१ ची. १९८३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. याच संघटनेने २०१४ साली स्पष्ट शिफारस केली की ज्यांच्यासमोर ओव्हरडोस घडण्याची शक्यता आहे, म्हणजे घरचे, मित्र, सामाजिक कार्यकर्ते, अशा सर्वांच्या हाती हे औषध असावं. २०२३ पासून अमेरिकेत त्याचा नाकातला स्प्रे चिठ्ठीशिवाय विकता येतो. फक्त डॉक्टरांसाठी असलेल्या औषधाचा प्रवास असा होत नाही.

ते करतं काय? त्याच ग्राहींवर बसलेल्या ओपिऑइडला खुर्चीवरून उठवतं आणि स्वतः तिथे बसतं. बसतं, पण नशा देत नाही, सवयही लावत नाही. अंगात ओपिऑइड नसेलच तर उठवायला कोणी नसतं, म्हणजे ते निकामी ठरतं, एवढंच. त्यामुळे ‘नक्की ओव्हरडोसच आहे ना?’ या शंकेत अडकायचं कारण नाही. नियमित ओपिऑइड घेणाऱ्याला त्याने एकदम विथड्रॉवल, म्हणजे नशा अचानक तुटल्याचा त्रास, येतो: उलट्या, घाम, थरकाप, चिडचिड. शुद्धीवर येताच तो शिव्या घालेल. घालू द्या, शिव्या घालायला श्वास लागतो.

उलट्या बाजूचा गैरसमजही मी पाहतो आणि त्याची मला जास्त धास्ती वाटते: फवारा मारला, उठून बसला, काम झालं. नॅलोक्सोनचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. मेथाडोन किंवा लांब पल्ल्याच्या गोळ्या त्याहून कितीतरी जास्त वेळ अंगात असतात. नॅलोक्सोन ओसरलं की तोच माणूस पुन्हा मंदावू शकतो. म्हणून त्याला एकटं सोडायचं नाही, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणत त्याने पुन्हा डोस घेतला तर ते दुहेरी संकट.

क्रम असा. तातडीच्या सेवेला फोन लावा आणि तो स्पीकरवर ठेवा. माणसाला उताणं करा, एका नाकपुडीत स्प्रे पूर्ण मारा. लगेच हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने दर पाच सेकंदांना एक श्वास द्या, छाती वर येताना दिसली पाहिजे. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसऱ्या स्प्रेने दुसरी मात्रा. श्वास पूर्ण थांबला असेल आणि नाडीही लागत नसेल तर छातीवर दाब द्यावे लागतात, फोनवरची व्यक्ती सांगत राहील तसं करा. स्वतःहून श्वास घेऊ लागला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी ती बाहेर पडेल. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा झायलाझिनसारख्या, जनावरांना गुंगी आणणाऱ्या औषधाची भेसळ सोबत असेल तर स्प्रेने माणूस लगेच जागा होणार नाही, कारण त्यांच्यावर नॅलोक्सोन चालत नाही. अशा वेळी तो जागा झाला का हे बघू नका, श्वास घेतोय का ते बघा. स्प्रे जवळ नसेल तरी श्वास देता येतो, आणि मदत येईपर्यंत तेवढ्यावरही माणूस तगू शकतो.

‘नशेबाजांना रान मोकळं.’

हा मुद्दा वैद्यकाचा कमी आणि नीतीचा जास्त, म्हणून तो जरा सविस्तर घेतो. त्याला अगदीच आधार नाही असंही नाही. २०१८ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष मांडला होता की अमेरिकेत नॅलोक्सोन सुलभ करणाऱ्या कायद्यांनंतर मृत्यू घटले नाहीत, उलट ओपिऑइडशी संबंधित गुन्हे वाढले. त्यावर बरीच टीका झाली. कायदा मंजूर झाल्याच्या दिवशी औषध लोकांच्या हाती पोचत नाही, आणि नेमक्या त्याच वर्षांत फेंटॅनिल बाजारात पसरत होतं. औषध खरोखर हातात दिलं तेव्हा काय झालं ते मॅसॅच्युसेट्समधल्या १९ वस्त्यांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतं. जिथे प्रशिक्षण आणि नॅलोक्सोन थोड्यांना मिळालं, तिथे ओव्हरडोसचा मृत्युदर, जिथे काहीच मिळालं नाही तिथल्यापेक्षा, सुमारे २७ टक्क्यांनी कमी होता. जिथे जास्त लोकांना मिळालं, तिथे सुमारे ४६ टक्क्यांनी.

शिवाय विथड्रॉवलची हमी देणारं औषध खिशात आहे म्हणून कोणी बिनधास्त जादा डोस घेईल, हे व्यसन जवळून पाहिलेल्या माणसाला पटणार नाही.

आणि ‘नशेबाज’ म्हणजे कोण? कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या आजी, ज्यांनी सोबत झोपेची गोळीही घेतली. कचऱ्यातली वापरलेली फेंटॅनिलची पट्टी हाताला चिकटवून घेतलेलं लहान मूल; त्या पट्टीत वापरानंतरही बरंच औषध उरतं. आणि सर्वांत जास्त धोका असतो काही काळ नशेपासून दूर राहिलेल्या माणसाला. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून तो बाहेर येतो तेव्हा शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हात मात्र जुनाच डोस घेतो. वॉशिंग्टन राज्यातल्या २००७ च्या अभ्यासात तुरुंगातून सुटल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट निघाला. म्हणजे मुलगा ‘सुधारून’ घरी येतो तेव्हाच घरात स्प्रे हवा. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या तलफ आवरणाऱ्या औषधांचे उपचार नेटाने सुरू ठेवले तर धोका खूप उतरतो, तेव्हा ‘आता गोळ्या कशाला?’ म्हणून ते मध्येच बंद करायला लावू नका. लाज आणि पोलिसांची भीती वाढवली तर माणूस नशा सोडत नाही, दार लावून एकटा घेतो. एकट्याला स्प्रे मारणार कोण?

काही जण याच संदेशाला आपली एक ओळ जोडतात: मुदत संपलेलं नॅलोक्सोन विष होतं. होत नाही, फार तर जोर थोडा कमी होतो. नवा असेल तर नवाच वापरा, नसेल तर जुना मारा. आणि चालतो का म्हणून हवेत एकदा दाबून बघू नका. एका स्प्रेमध्ये एकच मात्रा असते, चाचणीतच ती संपेल.